दुसऱ्या यंत्रावर नेताना काय कळतं, काय सुटतं



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं व्हिडिओ गेमच्या एम्युलेटरवर बोलावं हे जरा विचित्रच. म्हणून आधी मी इथे कशी पोचले ते सांगते.

१९९०च्या दशकात मी माझी व्याख्यानांची टिपणं डॉसवर चालणाऱ्या एका मराठी प्रोग्राममध्ये टाइप करत असे. युनिकोड तेव्हा आपल्यापर्यंत आलेलं नव्हतं. प्रत्येक प्रोग्रामची अक्षरं साठवायची रीत वेगळी. पुढे फ्लॉपी गेल्या. मी फाइली आणि तो प्रोग्राम असं सगळं सीडीवर उतरवून घेतलं आणि निर्धास्त झाले. काही वर्षांनी फाइल उघडली, तर रोमन अक्षरांचा आणि खुणांचा नुसता चिवडा. बारा-तेरा वर्षांचं काम होतं ते. फाइल शाबूत होती, प्रोग्रामही शाबूत होता. तो चालवणारं यंत्र तेवढं घरात उरलं नव्हतं.

मग एका माजी विद्यार्थ्यानं माझ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स नावाचा एम्युलेटर बसवून दिला. म्हणाला, "मॅडम, हे मुळात जुने गेम खेळणाऱ्यांसाठी केलेलं आहे, पण बघू." चाललं. पडद्यावर माझी देवनागरी परत आली. आता गंमत अशी, की माझा लॅपटॉप मॅक आहे आणि त्यातला प्रोसेसर इंटेलच्या घराण्यातला नाही. डॉसचं जग त्या घराण्यातलं. म्हणजे कोणीतरी हा एम्युलेटर मुद्दाम माझ्या जातीच्या यंत्रापर्यंत आणून पोचवला होता. फावल्या वेळात, बिनपैशानं. या माणसाचं नेमकं काम काय, आणि त्या कामाला चांगलं-वाईट कशावरून म्हणायचं, हा आजचा प्रश्न.

आधी शब्द स्पष्ट करू. एम्युलेटर म्हणजे एका यंत्रासारखं वागणारा, दुसऱ्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम. जुना गेम त्याला म्हणतो, 'अमुक ठिकाणचा आकडा दे', आणि जुन्या यंत्रानं जे दिलं असतं तेच हा देतो. पोर्ट करणं म्हणजे हा एम्युलेटर ज्या संगणकासाठी लिहिला गेला, तिथून उचलून वेगळ्या संगणकावर चालता करणं. पहिल्या कामाचं कौतुक होतं. दुसऱ्याकडे आपण हमालासारखं बघतो: सामान इथून उचललं, तिथं ठेवलं. माझं म्हणणं असं, की हे बघणं चुकीचं आहे.

एकच उदाहरण घेते. निंटेंडो कंपनीचं सुपर फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १९९० साली आलं, अमेरिकेत पुढच्या वर्षी सुपर निंटेंडो या नावानं. या एका यंत्राचे अनेक एम्युलेटर झाले. त्यातले तीन आपल्याला पुरेत.

पहिला झेडस्नेस. १९९७ साली डॉसवर आला. त्याचा बराच भाग असेंब्लीत, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञांमध्ये लिहिलेला. त्यामुळे तेव्हाच्या साध्या संगणकावरही तो झपाट्यानं चाले. एका पिढीनं सुपर निंटेंडोचे गेम पाहिले ते याच खिडकीतून. दुसरा स्नेस नाइन एक्स. तोही त्याच काळातला, पण त्याचा गाभा सी प्लस प्लस या भाषेत. ही भाषा वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी रूपांतरित करता येते. तिसऱ्याकडे नंतर येते.

आता बघा काय झालं. झेडस्नेस डॉसवरून विंडोजवर आणि लिनक्सवर गेला, पण प्रोसेसर इंटेलच्याच घराण्यातला असेल तर. २००७ साली त्याची १.५१ ही आवृत्ती आली, आणि पुढे कित्येक वर्षं नवी आलीच नाही. तेवढ्यात जग चौसष्ट बिटी संगणकांकडे आणि मोबाइलच्या एआरएम प्रोसेसरांकडे सरकलं. स्नेस नाइन एक्स मात्र मॅकवर गेला, प्लेस्टेशन पोर्टेबलवर गेला, अँड्रॉइडवर गेला, निंटेंडोच्याच वी या यंत्रावर गेला. ही पोर्टं पुष्कळशी वेगवेगळ्या हौशी मंडळींनी केली.

इथे एक विरोधाभास आहे, तो लक्षात घ्या. झेडस्नेसचं मूळ लिखाण २००१ साली जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालं. स्नेस नाइन एक्सचा परवाना मात्र व्यापारी वापराला मनाई करणारा. कागदावर जास्त मोकळा पहिला. प्रत्यक्षात जास्त फिरला दुसरा. परवाना म्हणतो 'ने', पण लिखाण ज्या भाषेत आहे ती म्हणते 'कसा नेशील?' स्वातंत्र्याविषयी बोलताना आपण परवानगी आणि सामर्थ्य यांची गल्लत करतो, त्याचं हे स्वच्छ उदाहरण आहे.

पण मी फक्त एवढंच म्हणत नाही. पोर्ट करताना ज्ञान वाढतं, असं माझं म्हणणं आहे. कसं ते सांगते.

आपण मराठीत 'सत्त्याण्णव' म्हणतो. आधी सात, मग नव्वद. इंग्रजीत आधी नव्वद, मग सात. संख्या तीच, सांगायचा क्रम उलटा. फोनवर नंबर सांगताना यामुळे होणारा घोळ आपण सगळ्यांनी अनुभवलाय. (हशा) प्रोसेसरांचंही असंच असतं. मोठी संख्या मेमरीत ठेवताना काही जण लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा भाग आधी. सुपर निंटेंडोचा प्रोसेसर लहान भाग आधी ठेवणारा. इंटेलचाही तसाच. म्हणून इंटेलवर एम्युलेटर लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. दोघांचा क्रम योगायोगानं जुळतो. जुने मॅक आणि वी यांचे पॉवरपीसी प्रोसेसर मात्र उलट्या क्रमाचे. तिथं एम्युलेटर नेला, की ज्या ज्या ठिकाणी लेखकानं हा योगायोग गृहीत धरलाय, तिथं तिथं आकडे उलटेपालटे होतात.

म्हणजे पोर्ट करणारा काय करतो? लेखकाला जे 'जुन्या यंत्राचं वर्णन' वाटत होतं, त्यात लेखकाच्या स्वतःच्या टेबलावरचं यंत्र किती मिसळलंय, हे तो वेगळं काढतो. आम्ही तत्त्वज्ञानात यालाच गृहीतकांची तपासणी म्हणतो. फरक इतकाच, की आमची गृहीतकं चुकली तर परिसंवाद होतो, त्यांची चुकली तर प्रोग्राम बंद पडतो. त्यांची तपासणी जास्त प्रामाणिक.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं कौतुक करायला मी आलेले नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ सालच्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या पुस्तकात एक भेद केला. चित्राची हुबेहूब नक्कल झाली तरी ती नक्कलच. पण संगीताची रचना स्वरलिपीत लिहिलेली असेल, तर ती लिपी पाळणारं प्रत्येक वादन त्याच रचनेचं खरं वादन. व्हिडिओ गेम कुठे बसतो? पहिल्या नजरेत दुसऱ्या गटात. गेमची फाइल म्हणजे स्वरलिपी, ती बिनचूक उतरवता येते. एम्युलेटर हा वादक. पण अडचण अशी, की इथली स्वरलिपी पूर्ण नाही. तिचा काही भाग यंत्राच्या स्वभावात लिहिलेला आहे.

यासाठी तिसरा एम्युलेटर, बीस्नेस. ब्यू या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरनी तो लिहिला. वेग गेला तरी चालेल, मूळ यंत्राशी तडजोड नको, ही त्यांची भूमिका. २०११ साली त्यांनी एक लेख लिहून ती मांडली. पुरी अचूकता हवी तर ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागेल, असा त्यांचा हिशोब होता. आणि मूळ यंत्राचा प्रोसेसर तर साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपासचा! त्यांनी दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. 'एअर स्ट्राइक पेट्रोल' नावाच्या गेममध्ये विमानाची जमिनीवर सावली पडते. पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे रेखली जात असतानाच गेम मध्येच चित्राच्या सेटिंग बदलतो आणि त्यातून ती सावली होते. बहुतेक एम्युलेटर संपूर्ण ओळ एकदम रेखत. गेम चाले, विमान उडे, सावली तेवढी नसे. खेळणाऱ्याला काही राहिलंय हे कळायचंही नाही, कारण त्यानं मूळ पाहिलेलंच नसे.

पोर्ट करणाऱ्यापुढचा पेच हाच आहे. हातात मावणाऱ्या अशक्त यंत्रावर एम्युलेटर न्यायचा, तर काहीतरी टाकावं लागतं. चित्राच्या काही चौकटी गाळतात, आवाजाचा दर्जा उतरवतात, एखादं काम अंदाजानं भागवतात. माझी तक्रार गाळण्याविषयी नाही. तक्रार आहे ती न सांगता गाळण्याविषयी.

कारण परिणाम दूरवर जातात. झेडस्नेसच्या लोकप्रियतेच्या काळात हौशी लोकांनी 'सुपर मारिओ वर्ल्ड'च्या शेकडो नव्या आवृत्त्या रचल्या. रचल्या झेडस्नेसवर, तपासल्याही झेडस्नेसवर. मूळ यंत्रात प्रतिध्वनीसाठी ध्वनीच्या मेमरीचा एक भाग वापरला जातो आणि यंत्र त्यावर सतत लिहीत राहतं. झेडस्नेसमध्ये ते लिहिणं होत नसे. मग काहींनी ती जागा मोकळी समजून आपलं संगीत तिथंच ठेवलं. त्या आवृत्त्या खऱ्या यंत्रावर किंवा अचूक एम्युलेटरवर लावल्या की बिघडत. म्हणजे नकलेतली उणीव हीच नव्या रचनेची अट होऊन बसली! मूळ यंत्रच आता 'चुकीचं' ठरायला लागलं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जे लोक फुकट काम करतात, त्यांच्यावर टीका करायचा आपल्याला अधिकार काय? बीस्नेससारखी अचूकता मागितली असती, तर त्या काळात हजारो मुलांना हे गेम दिसलेच नसते. मला हे मान्य आहे. झेडस्नेसची मी निंदा करत नाही. तेव्हाच्या संगणकांवर तो वेग हीच सेवा होती. पण हौशी काम टीकेच्या पलीकडचं आहे, असं म्हणणं हा त्या कामाचा अपमान आहे. लहान मुलाच्या चित्रावर आपण टीका करत नाही, कारण त्यावर काही अवलंबून नसतं. यांच्या कामावर अवलंबून आहे.

किती, ते सांगते. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. कंपन्यांना त्यात नफा नाही, म्हणून त्या ते विकत नाहीत. गेमच्या फाइलींवर त्यांचा स्वामित्वहक्क मात्र शाबूत आहे, आणि त्या वाटणं बेकायदा आहे. एम्युलेटर लिहिण्याचं तसं नाही. कनेक्टिक्स या कंपनीनं प्लेस्टेशनचे गेम मॅकवर चालवणारा एम्युलेटर काढला, तेव्हा सोनी न्यायालयात गेली. २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला: सुसंगत यंत्र बनवण्यासाठी मूळ यंत्राचा अभ्यास करताना केलेली मधली नक्कल रास्त वापरात बसते. म्हणजे यंत्र समजून घेण्याचा हक्क आहे. तो बजावणारे, आणि पुढच्या पुढच्या संगणकांवर नेत राहणारे, बहुतांशी हे हौशी लोक आहेत.

म्हणून माझी अपेक्षा माफक आहे. चांगला अनुवादक प्रस्तावनेत लिहितो, की अमुक श्लेष मला आणता आला नाही, तमुक ओव्या गाळल्या. तसं पोर्टसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहावं: वेगासाठी हे सोडलं, हे अंदाजानं केलं, हे गेम यावर तपासू नका. काही जण असं मनापासून लिहितात. बरेच जण फक्त कोणती बटणं कशासाठी, एवढंच लिहितात. पहिल्या प्रकारच्या माणसाचं पोर्ट मंद असलं, तरी मी त्याला वरचा क्रम देईन. त्याच्यानंतर येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

शेवटी माझ्या टिपणांकडे येते. ती उघडल्यावर दिसलं, की काही जोडाक्षरं तुटलेली आहेत. हा दोष एम्युलेटरचा, मूळ प्रोग्रामचा, की माझ्याच टायपिंगचा, हे कळायला मार्ग नव्हता. त्या जुन्या यंत्रावर ते कसं दिसायचं, हे सांगणारं आता कोणी नाही. मलाही आठवत नाही. मी ती टिपणं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करते आहे. एक प्रकारे मीही पोर्टच करते आहे म्हणा ना. आणि जिथं अक्षर अंदाजानं भरलं, तिथं समासात तशी खूण करते. ही सवय मला माझ्या विषयानं लावली नाही, अशा एका माहितीच्या फाइलनं लावली.

इथेच थांबते. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.