हिंसा, खेळ आणि अधिकारी : ‘रेड डेड रिडेम्प्शन’ची चिकित्सा

१

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. त्यांपैकी पहिल्या तिहींची चर्चा साहित्यसमीक्षेने निरनिराळ्या नावांनी पुष्कळ केली. चौथीकडे मात्र तिने पाठ फिरविली. अमुक कृती कोणी वाचावी, कोणी पाहावी, हा प्रश्न पालकांचा, शिक्षकांचा किंवा फार तर सरकारचा आहे असे मानून समीक्षक मोकळे होतात. परिणाम असा होतो की, हा प्रश्न जेव्हा उपस्थित होतो तेव्हा त्याचे उत्तर रक्त, शिवीगाळ आणि नग्नता यांच्या मोजदादीने दिले जाते. मोजदाद म्हणजे परीक्षा नव्हे. कृतीचा अर्थ ग्रहण करण्यास कोणती तयारी लागते हे ठरविणे समीक्षेचेच काम आहे. कारण तो अर्थ कोणता, हे आधी उलगडल्यावाचून अधिकारी ठरविता येत नाही.

या दृष्टीने ‘रेड डेड रिडेम्प्शन’ (२०१०) आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) हे दोन व्हिडिओ गेम विचारात घेण्याजोगे आहेत. ते रॉकस्टार गेम्स या संस्थेने प्रसिद्ध केले असून अमेरिकेच्या पश्चिम भागातील दरोडेखोरांच्या एका टोळीचा ऱ्हास हा दोहोंचा विषय आहे. अमेरिकेतील एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्डाने दोन्ही खेळ सतरा वर्षे व त्यापुढील वयासाठी योग्य ठरविले. युरोपातील पेगी पद्धतीने ती मर्यादा अठरा धरली. दुसऱ्या खेळाच्या बाबतीत अमेरिकन मंडळाने नोंदविलेली कारणे अशी : तीव्र हिंसा, रक्तपात, नग्नता, लैंगिक प्रसंग, अर्वाच्य भाषा, मादक द्रव्ये व मद्य यांचे सेवन. निर्णय योग्य आहे. कारणे मात्र अपुरी आहेत. किंबहुना केवळ या कारणांवर विसंबल्यास त्याच निर्णयाचे समर्थन करणे कठीण होऊन बसते.

२

वेस्टर्न हा कथाप्रकार दीर्घकाळ मुलांच्या हातांत राहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त ‘डाइम’ कादंबऱ्यांनी दरोडेखोर आणि घोडेस्वार यांना अमेरिकन घराघरांत नेले. १८९० च्या जनगणनेनंतर वसाहतीची सलग सीमारेषा उरली नसल्याचे नमूद झाले, १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने त्यावर आपला सुप्रसिद्ध सिद्धान्त उभारला, आणि सीमाप्रदेश प्रत्यक्षात संपत असतानाच त्याचे कल्पित रूप बळावले. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा मूकपट १९०३ सालचा. पुढे १९३४ पासून कसोशीने अमलात आलेली चित्रपटांची आचारसंहिता आणि १९५४ सालची कॉमिक्सची संहिता यांनी या कथांना शिस्त लावली : गुन्हेगाराविषयी सहानुभूती उत्पन्न होऊ नये, शेवटी सत्प्रवृत्तीचाच विजय व्हावा, रक्तपाताचे भडक दर्शन घडू नये.

या शिस्तीचा परिणाम सूक्ष्मपणे पाहण्यासारखा आहे. पडद्यावरील माणसे मरावयाची थांबली नाहीत. त्यांचे मरणे तेवढे स्वच्छ झाले. गोळी लागली, माणूस घोड्यावरून कोसळला, कथा पुढे सरकली. ज्या मुलांनी असे शेकडो मृत्यू पाहिले त्यांना मृत्यूचे मोल कळले नाही, आणि तरीही ते चित्रपट मुलांसाठी निर्दोष समजले गेले. सॅम पेकिन्पा याच्या ‘द वाइल्ड बंच’ने (१९६९) पडदा रक्ताने माखला तेव्हा अनेकांना तो आघात वाटला, परंतु गोळीने शरीराचे काय होते हे त्याने लपविले नाही. केवळ रक्ताच्या प्रमाणावर योग्यायोग्यता ठरवावयाची, तर असत्य हे सत्यापेक्षा मुलांना अधिक हितकर मानावे लागेल.

प्रस्तुत खेळ या उत्तरकालीन परंपरेतील आहेत. पहिल्याचा काळ १९११, तर कथाक्रमाने त्याच्या आधी येणाऱ्या दुसऱ्याचा १८९९. म्हणजे सीमारेषा पुसली गेल्यानंतरचा. कॉन्रॅड रिक्टर याच्या कादंबऱ्यांचे जी. ए. कुलकर्णी यांनी केलेले ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ हे अनुवाद ज्यांनी वाचले आहेत, त्या मराठी वाचकांना रान तोडून वस्ती उभारण्यातील पराक्रम आणि हानी यांचा जोडस्वर परिचित आहे. येथे पराक्रम संपला आहे, हानी तेवढी उरली आहे. पूर्वी पुष्कळ वेस्टर्न वाचलेल्या व पाहिलेल्या माणसाने त्या कथाप्रकाराचा घेतलेला हा निरोप आहे. ज्याने तो कथाप्रकार नुकताच हाती घेतला त्याला या निरोपातील विषाद कसा कळावा, ही पहिली अडचण.

३

दुसरी अडचण अधिक मूलगामी असून ती खेळ या माध्यमाच्या स्वरूपातून निर्माण होते. अमेरिकन सिनेटमध्ये १९९३ साली व्हिडिओ गेममधील हिंसेची चौकशी झाली आणि तिच्या दडपणाखाली उद्योगाने १९९४ साली वर उल्लेखिलेले मंडळ स्थापन केले. कॅलिफोर्निया राज्याने पुढे एक पाऊल टाकून २००५ साली हिंसक खेळ अल्पवयीनांना विकण्यास कायद्याने बंदी केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द ठरविला. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी मुलांच्या परीकथाही क्रौर्याने भरलेल्या असतात हे दाखवून दिले, आणि वाचकाचा कथेतील सहभाग ही गोष्ट साहित्याला नवी नाही असे प्रतिपादन केले. न्यायमूर्ती अलिटो यांनी निकालाला संमती दिली. परंतु ग्रंथ आणि खेळ यांचा अनुभव एकच आहे असे घाईने गृहीत धरू नये, असा इशाराही दिला. कायद्याच्या दृष्टीने बहुमत मान्य केले तरी समीक्षेच्या दृष्टीने हा इशारा अधिक महत्त्वाचा आहे.

युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा इत्यादी गोष्टी रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकादी साधनांनी सुचवाव्यात, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाचा मृत्यू प्रत्यक्ष घडतो, आणि त्या एकांकिकेची थोरवी त्यातच आहे, तेव्हा या दंडकाला अपवाद नाही असे नव्हे. परंतु दंडक पाळला काय किंवा मोडला काय, प्रेक्षक हा प्रेक्षकच राहतो. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ हा भेद गळून पडल्यामुळे त्याला रसास्वाद घेता येतो. यालाच साधारणीकरण म्हणतात. अभिनवगुप्ताने जी सात रसविघ्ने सांगितली त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्याच सुखदुःखात जो गुंतला त्याला रसाची प्रतीती होत नाही.

व्हिडिओ गेममध्ये हे विघ्न आगंतुक नसते. ते खेळाच्या रचनेतच असते. नेम चुकला तर खेळणारा हरतो, साधला तर जिंकतो. ‘रेड डेड’ खेळांत ‘डेड आय’ नावाची सोय आहे : काळ मंदावतो, खेळणारा एकापाठोपाठ एक लक्ष्ये निश्चित करतो, आणि मग सर्व गोळ्या एकदम सुटतात. या क्षणी त्याला जो आनंद होतो तो कौशल्याचा, म्हणजे सर्वस्वी त्याचा स्वतःचा असतो. तो आनंद भोगून झाल्यावर समोर पडलेल्या प्रेतांकडे करुण दृष्टीने पाहणे म्हणजे स्वतःच्याच विजयाविरुद्ध भावना करणे होय. प्रौढ रसिकालाही हे सहजसाध्य नाही. कोवळ्या वयात, जिंकण्याची ओढ सर्वांत प्रबळ असताना, ते क्वचितच साधते.

४

हे विघ्न दूर करण्याचा प्रयत्न दुसऱ्या खेळाने दोन मार्गांनी केला आहे. त्यांपैकी एक मार्ग फसला आहे. दुसरा असामान्य रीतीने यशस्वी झाला आहे.

पहिला मार्ग ‘ऑनर’ या मापाचा. नायक आर्थर मॉर्गन याच्या बऱ्यावाईट कृत्यांचा हिशेब एका पट्टीवर सतत मांडला जातो. वाटसरूला रामराम केला, पकडलेला मासा पाण्यात सोडून दिला की माप थोडे वर चढते. निरपराधाला मारले की खाली उतरते. वरच्या टोकाला पोचलेल्यास दुकानांत सवलतही मिळते. यात दोन दोष आहेत. सद्वर्तन ही फायद्याची देवघेव ठरते, हा एक. दुसरा त्याहून गंभीर आहे. कथानकाने अनिवार्य केलेल्या प्रसंगांतील हत्यांचा हिशेब बहुतांशी या मापात धरलाच जात नाही. मायका बेल या साथीदाराला स्ट्रॉबेरी गावच्या तुरुंगातून सोडविताना आर्थरला जवळजवळ अख्ख्या गावाशी गोळीबार करावा लागतो. तेथे पडलेल्या माणसांचे पाप कोणाच्या माथी? माप मौन पाळते. आज्ञेने केलेली हिंसा ही हिंसा नव्हे, असा बोध या मौनातून होतो, आणि रक्ताच्या कोणत्याही चित्रापेक्षा हा बोध तरुण मनाला अधिक घातक आहे. रेटिंग बोर्डाच्या यादीत त्याला शीर्षक नाही.

दुसरा मार्ग थॉमस डाउन्स या शेतकऱ्याच्या उपकथानकाचा. टोळीतील स्ट्राउस हा सावकारी करतो आणि वसुलीसाठी आर्थरला धाडतो. डाउन्स खोकतो आहे, क्षीण आहे. त्याची बायको आणि मुलगा तेथेच आहेत. खेळणाऱ्याला ही मारहाण टाळता येत नाही. डाउन्सच्या खोकल्यातील रक्त आर्थरच्या तोंडावर उडते. प्रसंग संपतो, इतर अनेक मारहाणींप्रमाणे खेळणारा तो विसरूनही जातो. पुष्कळ तासांनी, कथा शेवटाकडे झुकली असता, आर्थर सेंट डेनिसच्या रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर त्याला क्षयाचे निदान सांगतो. तो विस्मृत प्रसंग आता आर्थरच्या फुप्फुसात जिवंत असतो. मापाने जे नोंदविले नाही ते शरीराने नोंदविले. पुढे तो स्ट्राउसला टोळीतून हाकलून देतो आणि देशोधडीला लागलेल्या विधवा श्रीमती डाउन्स व तिच्या मुलाला मदत करतो. तथापि केलेले कृत्य पुसले जात नाही. आज्ञेने केलेल्या हिंसेलाही कर्ता असतो, हे येथे एकाही उपदेशपर वाक्याचा आधार न घेता सिद्ध होते.

अडचण आहे ती काळाची. गुन्हा दुसऱ्या प्रकरणात घडतो. त्याचा अर्थ सहाव्यात कळतो. सगळा खेळ पुरा करण्यास पन्नास तासांच्या आसपास वेळ लागतो. बंदूक पहिल्या तासातच हाती येते, पश्चात्ताप चाळिसाव्या तासानंतर. मुले खेळ बहुधा सलग किंवा कथेच्या ओढीने खेळत नाहीत. गावात हिंडावे, गोंधळ घालावा, पाठलाग ओढवून घ्यावा, यातच त्यांना रस असतो. त्यांच्या वाट्याला या कृतीचा पूर्वार्ध येतो, आणि उत्तरार्धावाचून पूर्वार्ध म्हणजे निव्वळ दरोडेखोरी.

५

योग्यायोग्यतेचा हा प्रश्न खुद्द पहिल्या खेळानेही स्वतःला विचारला आहे. जॉन मार्स्टन हा टोळी सोडलेला माणूस. सरकारी हस्तक त्याच्या बायकामुलाला ओलीस ठेवून जुन्या साथीदारांची शिकार करावयास त्याला भाग पाडतात. सोळा वर्षांचा मुलगा जॅक पश्चिमेच्या साहसकथा वाचण्यात दंग असतो. त्याला बंदुकीपासून दूर, गुरे राखण्यात वाढवावे ही बापाची एकच इच्छा. हस्तक बापाला ठार मारतात. १९१४ साली तरुण जॅक त्या हस्तकांच्या प्रमुखाला, एडगर रॉसला, शोधून काढतो आणि गोळी घालतो. हा प्रसंग ऐच्छिक आहे. खेळणाऱ्याने शोध घेतला तरच घडतो. गोळी सुटताच खेळाचे नाव पडद्यावर उमटते. बापाने प्राण देऊन जे टाळू पाहिले ते खेळणाऱ्याने आपल्या हातांनी, आणि बहुधा समाधानाने, पुरे केलेले असते. नावातील ‘उद्धार’ हा शब्द त्या क्षणी उपरोधाने भरून जातो. ज्याला तो उपरोध जाणवला तो या खेळाचा अधिकारी. ज्याला केवळ सूड मिळाला तो नव्हे.

हा अधिकार वयाने आपोआप येतो असे मात्र नाही. २०१८ साली दुसऱ्या खेळातील सेंट डेनिसच्या रस्त्यावर मताधिकार मागणाऱ्या स्त्रीला मारहाण करण्याची चित्रफीत एका खेळाडूने प्रसिद्ध केली. ती असंख्यांनी मिटक्या मारीत पाहिली. यूट्यूबने त्याची वाहिनी बंद केली आणि लवकरच पुन्हा सुरू केली. वयाची मर्यादा हे अधिकाराचे स्थूल चिन्ह आहे, प्रमाण नव्हे, हे यावरून दिसते. तरीही स्थूल चिन्हाचा त्याग करता येत नाही. कारण व्यवहारात दुसरे साधन हाताशी नाही.

हिंसक खेळ खेळल्याने मुले हिंसक बनतात, या भीतीचा आधार येथे घेण्याचे कारण नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली अशा खेळांचा आरडाओरड, ढकलाढकली यांसारख्या आक्रमकतेशी अल्प संबंध मान्य केला. प्रत्यक्ष हिंसाचाराशी त्यांची सांगड घालण्यास पुरेसा पुरावा नाही, असेही स्पष्ट केले. प्रिझिबिल्स्की आणि वाइनस्टाइन यांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांच्या बाबतीत, तो अल्प संबंधही आढळला नाही. हा खेळ खेळून कोणी दरोडेखोर होईल असे मानणे व्यर्थ आहे.

तरीही सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती हे खेळ देऊ नयेत, असाच निष्कर्ष निघतो. त्याचे कारण असे की, त्यांना कृतीतील हिंसा मिळेल आणि त्या हिंसेवर कृतीने दिलेला निवाडा मिळणार नाही. सोळा-सतराच्या उंबरठ्यावरील मुलाला, स्वतः खेळ पुरा केलेल्या जाणत्याच्या सोबतीने, डाउन्सच्या घरापासून सेंट डेनिसच्या डॉक्टरापर्यंतचा प्रवास अवश्य घडवावा. रक्त पुसून खेळाची सौम्य आवृत्ती काढणे हा मात्र सर्वांत वाईट उपाय ठरेल. कारण आर्थरच्या तोंडावर उडालेले ते रक्त पुसले की, त्याच्या क्षयाला अर्थ उरत नाही, आणि उरतो तो जुन्या वेस्टर्नमधला स्वच्छ, हिशेबशून्य मृत्यू.