मापात न बसणारा माणूस

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी फोन करून विचारलं, की सर, तत्त्वज्ञान सोडून पँट-शर्टाकडे कधीपासून वळलात? मी म्हटलं, वळलो नाही, तिथेच आहे. 'सामान्य' आणि 'विशेष' हे आमच्या वैशेषिक दर्शनातले दोन जुने पदार्थ. त्यांचं भांडण रोजच्या जगण्यात बघायचं असेल तर कपड्याच्या दुकानातली ट्रायल रूम गाठावी. तिथे एक आरसा असतो, एक नंबर असतो आणि एक माणूस असतो. नंबर सामान्य, माणूस विशेष. दोघांचं जमलं नाही तर दोष कोणाचा ठरतो, एवढाच आजचा मुद्दा आहे. आणि जो निवाडा तिथे रोज दिला जातो, त्यावर मला टीका करायची आहे.

उदाहरणाला माझंच शरीर घेतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. (हशा) उंची ५ फूट ३ इंच. छाती भरलेली, पोट तिच्याही पुढे गेलेलं, हात आखूड, पाय बारीक, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, आणि सत्तरीनंतर पाठीला आलेला बाक. ह्यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर घरोघरी सापडेल. सगळ्या एकत्र आल्या की दुकानातला मुलगा म्हणतो, 'काका, तुमचं पोट मध्ये येतंय.' मुलगा चांगला असतो, त्याला टोमणा मारायचा नसतो. पण त्याच्या वाक्याचं व्याकरण बघा. शर्ट शिवलाय तो अंग झाकण्यासाठी, आणि अंगच मध्ये येतंय! म्हणजे शर्ट आणि त्याचं उद्दिष्ट ह्यांच्यामध्ये मी अडथळा म्हणून उभा आहे. आपण हे ऐकतो, ओशाळतो, आणि घरी येऊन म्हणतो, 'जरा पोट कमी करायला हवं.' वैद्यकीय कारणासाठी करावं की, जरूर करावं. पण शर्टासाठी?

आता हे घडतं कसं ते पाहू. कारखान्यात मधल्या मापाचा एक नमुना कापतात. त्यावरून लहान-मोठी मापं ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करत जातात. छाती दोन इंच वाढली की खांदा थोडा वाढणार, बाही थोडी वाढणार, लांबीही वाढणार. ह्यामागे एक सिद्धान्त गृहीत आहे: माणूस सर्व बाजूंनी सारखा फुगतो. पोट वाढलं म्हणून माझे हात लांब झाले नाहीत, पण ४४ नंबरचा शर्ट तसं धरून चालतो. पोटाला झाला म्हणून तो घ्यावा, तर खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि बाही बोटांपर्यंत येते. खांद्याला बसेल असा ४० घ्यावा, तर पोटावरची दोन बटणं जीव मुठीत धरून बसलेली. पाठीला बाक असेल तर आणखी निराळं. पाठीवर कापड जास्त लागतं, म्हणून शर्ट मागून वर चढतो, पुढून खाली लोंबतो आणि कॉलर मानेपासून सुटते. माणूस नीट उभा असला तरी गबाळा दिसतो.

पँटीचं दुखणं तर पट्ट्यातच आहे. पट्टा कंबरेवर टिकतो, कारण कंबर नितंबांपेक्षा बारीक असते आणि तो खाली घसरायला गेला तर अडतो. ज्याचा सर्वांत मोठा घेर पोटावरच आहे, त्याला पट्ट्याने काय आधार मिळणार? तो घसरतो, पोटाखाली जाऊन थांबतो, आणि पँटीची मोहरी बुटांवर गोळा होते. मग माणूस चार पावलं चालला की पँट वर ओढतो. लोकांना ती सवय वाटते. ती सवय नाही, ते साधं यंत्रशास्त्र आहे. खांद्यावरून जाणारे गॅलस हा त्यावरचा जुना आणि अचूक उपाय, पण आज गॅलस लावून बँकेत गेलात तर लोक सिनेमातला माणूस आला म्हणून बघतात.

बरं, तो नंबर तरी एका गोष्टीचा असतो का? एका शर्टावरचे ४० म्हणजे कॉलरचे सेंटीमीटर, शेजारच्या शर्टावरचे ४० म्हणजे छातीचे इंच. आणि कंबरेच्या इंचाविषयी बोलायलाच नको. २०१० साली एस्क्वायर ह्या अमेरिकी मासिकाने ३६ नंबरच्या पँटी दुकानांतून आणून टेपने मोजल्या. त्या ३७ पासून ४१ इंचांपर्यंत भरल्या. गिऱ्हाइकाला आपण सडपातळ आहोत असं वाटावं म्हणून केलेली ही मखलाशी. म्हणजे ज्या नंबरासमोर आपण शरमून उभे असतो, तो स्वतःच खरं बोलत नाही!

ह्या विचाराचं मूळ मला एका बेल्जियन खगोलशास्त्रज्ञापाशी दिसतं. अडॉल्फ केटले त्याचं नाव. आकाशातल्या ताऱ्याचं स्थान दहा जणांनी मोजलं तर दहा उत्तरं येतात. त्यांची सरासरी सत्याच्या जवळ असते आणि बाकीचे फरक म्हणजे मोजण्यातल्या चुका. इथपर्यंत ठीक. केटलेने ही रीत माणसांना लावली. १८३५ च्या ग्रंथात त्याने 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली, आणि पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं वापरून दाखवलं, की तीही एका मध्याभोवती तशीच पसरलेली असतात. निरीक्षण उत्तम आहे. पण त्याने सरासरीला आदर्श मानलं, आणि जिवंत माणसं म्हणजे त्या आदर्शाच्या, जणू निसर्गाकडून झालेल्या, चुका. इथे गफलत आहे. ताऱ्याच्या बाबतीत तारा एक आणि मोजण्या अनेक. सैनिकांच्या बाबतीत सैनिकच अनेक! त्यांच्या पलीकडे कुठे तो खरा सैनिक उभा नाही, ज्याची ही बिघडलेली प्रतिबिंबं असतील. न्यायाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगावं लागतं, की गोत्व गायींमध्ये असतं, गोत्वाला चारा घालता येत नाही. सरासरी छातीलाही शर्ट घालता येत नाही.

ह्याचा पुरावा १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलाला मिळाला. विमानाची बैठक सरासरी वैमानिकासाठी बांधली होती आणि अपघात फार होत होते. गिल्बर्ट डॅनियल्स ह्या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची १० मापं तपासली, आणि 'सरासरी'चा अर्थ भरपूर सैल ठेवला: मधल्या तीस टक्क्यांत येणारा तो सरासरी. दहाही मापांत सरासरी असलेले वैमानिक किती निघाले? शून्य. हवाई दलाने काय केलं तर 'बेढब' वैमानिक काढून न टाकता बैठका, पेडलं आणि पट्टे मागे-पुढे सरकतील असे केले. अपघातात माणूस मरतो आणि विमान फुटतं, म्हणून तिथे शहाणपण लवकर आलं. शर्टाच्या बाबतीत कोणी मरत नाही. फक्त एखादा माणूस लग्नाला जायचं टाळतो, फोटोत मागे उभा राहतो, आणि उरलेलं आयुष्य दोन ढगळ बुशशर्टांत काढतो. असे माझ्या ओळखीत तीन जण आहेत. हुशार, बोलके, आता घरात बसलेले. त्यांच्या घरच्यांना वाटतं वय झालं. वय झालंच आहे, पण एकाने मला सरळ सांगितलं, 'अंगाला होईल असं काही नाही रे, कशाला जायचं.'

आपल्या पुण्यातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन ह्यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आकडा एक, देह दोन. त्यांचा हेतू वैद्यकीय होता: दिसायला सडपातळ भारतीयाच्या शरीरात चरबी जास्त असते आणि ती पोटाशी साठते. मी मात्र तो लेख वाचताना म्हटलं, हाच तर आमचा ट्रायल रूममधला फोटो! बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही इथली अपवादात्मक घडण नाही, गल्लीगल्लीतली आहे. तरीही दुकानात ती अपवाद ठरते, कारण नमुना दुसऱ्याच कोणाच्या अंगावरून काढलेला आहे.

इथे कोणी म्हणेल, सर, मग शिंप्याकडे जा, किंवा सरळ नेहरू शर्ट-पायजमा घाला. दुसरं आधी घेतो. पायजम्याच्या नाडीविषयी मला आदर आहे. सकाळचं पोट आणि जेवणानंतरचं पोट ह्यांतला भेद ओळखणारी ती एकच वस्तू. धोतराला तर साइजच नसते, फक्त लांबी असते. पण प्रश्न सोयीचा नाही. चारचौघे रोज जे घालतात ते मलाही धडपणे घालता यावं, इतकी साधी मागणी आहे. वेगळ्या अंगाच्या माणसाला वेगळा पोशाख सुचवणं म्हणजे त्याला नम्रपणे पंक्तीतून उठवणं.

आता शिंपी. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची शिशाची पट्टी सांगितली आहे. ताठ पट्टी दगडाला आपल्यासारखं व्हायला सांगते. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कायदा जिथे जसाच्या तसा लागू करणं अन्यायाचं होतं, तिथे न्यायाधीशाने कसं वागावं, हे सांगायला त्याने तो दृष्टांत घेतला. शिंप्याची टेप ही मला तीच पट्टी वाटते. चांगला शिंपी माप लिहिताना बाजूला 'उजवा खांदा उतार' किंवा 'पोक' असं टिपून ठेवतो. ती टीप म्हणजे निंदा नाही. तिचा अर्थ इतकाच, की कापड इथे जास्त सोडायचं.

पण शिंप्याचा काळ म्हणजे सुवर्णकाळ, असं मला म्हणायचं नाही. त्याच्या वायद्यांवर आपल्याकडे म्हणी झाल्या, त्या उगाच नाहीत. आज शहरात शर्टाची शिलाई देण्यापेक्षा तयार शर्ट घेणं बहुतेकांना परवडतं. आणि एक गोष्ट मला तिथे नेहमी अडवते. माप घ्यायला अंगाला हात लावावा लागतो, आणि आपल्या समाजात कोणाच्या अंगाला कोणी हात लावायचा हा काही शतकं साधा प्रश्न नव्हता. तयार कपड्याच्या दुकानाने पैसे मागितले, जात विचारली नाही. तयार कपड्यांवर टीका करताना हे विसरलो तर ती टीका फक्त जुन्या पेठेतल्या हळव्या माणसाची तक्रार ठरेल. ज्यांना त्या दुकानाने मोकळा श्वास दिला, त्यांच्यापुढे ती बोलायची माझी हिंमत होणार नाही. म्हणून माझं भांडण तयार कपड्याशी नाही. त्यात गाळलेल्या एका गोष्टीशी आहे.

ती गोष्ट म्हणजे माया. (हशा) हसू नका, शंकराचार्यांची नव्हे. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला आपले शिंपी 'माया' म्हणतात. पँटीच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया असायची. अंग सुटलं की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची. शाळेचे गणवेश 'वाढत्या अंगाचे' शिवत, तेही ह्याच विचाराने. माया ठेवणाऱ्याला ठाऊक होतं, की हे शरीर आज असं आहे, उद्या निराळं असेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कारखान्यात एका नगावर एक इंच कापड वाचलं तर हजार नगांत बराच ताका वाचतो, म्हणून माया छाटली गेली. हिशेब बरोबर आहे. पण त्यामुळे कपडा एका क्षणाच्या शरीरासाठी बनतो. ज्याला आजार झाला, ज्याची पाठ वाकली, ज्याने वीस किलो कमी केले, त्या प्रत्येकाला तो पुन्हा परका होतो.

विचाराबरोबर व्यवहारही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सरांनी नुसतं ऐकवलं. शर्ट घेताना आधी खांदा बघा. शिवण हाडावर बसली पाहिजे, कारण खांदा दुरुस्त करायला नव्या शर्टाइतकं काम पडतं. स्लिम फिटच्या वाटेला जाऊ नका. सरळ कापाचा, पाठीवर प्लीट असलेला घ्या, पोटाला जागा तिथून मिळते. बाही आणि लांबी कोपऱ्यावरचा आल्टर करणारा तासाभरात कमी करतो. पँट पूर्ण आसनाची घ्या, पुढे प्लीट असलेली. मोहरी नंतर बारीक करता येते, आसन वाढवता येत नाही. आत बोट घालून मागच्या शिवणीत माया आहे का ते चाचपा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. एखादा शर्ट नशिबाने नीट बसला तर शिंप्याला तो मापाला द्या, पण दहा वर्षांपूर्वीचा देऊ नका. तो तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या अंगाचा शर्ट इमानाने शिवून देईल. सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढा.

आणि दुकानात एक मागणी जरूर करा. अमेरिकेत फॉर्मल शर्टावर कॉलर आणि बाही असे दोन आकडे छापतात. जीन्सवर कंबर आणि लांबी असे दोन असतात. म्हणजे एकच आकडा हा काही सृष्टीचा नियम नाही. आपल्या शर्टावर खांदा, पोट आणि बाही असे तीन आकडे छापायला कापड जास्त लागत नाही, फक्त लेबल थोडं मोठं लागेल. नमुने जास्त ठेवावे लागतील, माल पडून राहील, असं व्यापारी म्हणतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि त्यावर ह्या सभागृहात कापड व्यवसायातलं कोणी असेल तर मला ऐकायला आवडेल. वेळ आहे, प्रश्न घेऊ या.