पंचांचा निर्णय आणि प्रेक्षकांचा न्याय : महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील वादांची चिकित्सा

प्रस्तावना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कुस्ती हा केवळ क्रीडाप्रकार नाही, तो लोकजीवनाचा एक भाग आहे. म्हसवड परिसरातील माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंत गावोगावच्या जत्रांमध्ये कुस्त्यांची मैदाने भरतात. येथील प्रेक्षक डावांचा जाणकार असतो. त्यामुळे पंचांच्या निर्णयावरील चर्चा मैदान उठल्यानंतरही पारावर, तालमीत आणि महाविद्यालयाच्या आवारात चालू राहते. अलीकडच्या काळात महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या संदर्भात ही चर्चा अधिक तीव्र झाली आहे. या चर्चेत ‘अन्याय’ हा शब्द कोणकोणत्या अर्थांनी वापरला जातो, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वादाचे दोन प्रसंग

जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथे झालेल्या स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची लढत झाली. गायकवाड यांनी टाकलेल्या बाहेरची टांग या डावाला पंचांनी चार गुण दिले. शेख यांची पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती काय, आणि डावाचे मोल चार गुणांचे होते की दोन, यावर राज्यभर वाद झाला. पंचाला धमकी दिल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली.

दुसरा प्रसंग २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे घडला. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चीतपट केल्याचा निर्णय देण्यात आला. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, असा राक्षे यांचा दावा होता. चित्रीकरण पाहण्याची मागणी मान्य न झाल्याने त्यांनी पंचांची कॉलर धरली व त्यांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत गायकवाड यांनी गुणांवरून आक्षेप घेत, लढत पूर्ण होण्यापूर्वीच मैदान सोडले. दोन्ही मल्लांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. सांगली जिल्ह्यातील माजी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी, आपल्यावरही २००९ मध्ये अन्याय झाल्याचे सांगून, दोन्ही गदा परत करण्याची भाषा केली. सोळा वर्षांपूर्वीची जखमही भरत नाही, हे यावरून दिसून येते.

निकालाच्या दोन कल्पना

या वादांच्या मुळाशी निकालाच्या दोन भिन्न कल्पना आहेत. जत्रेच्या मैदानात निकाली कुस्तीला मान असतो. मल्लाने प्रतिस्पर्ध्याला आसमान दाखविले की निकाल सर्वांना एकाच वेळी दिसतो. पंच तो केवळ जाहीर करतो. निकाल लागत नसेल तर कुस्ती बरोबरीत सोडविली जाते. गुणांच्या कुस्तीत मात्र पाठ आणि गादी यांतील कोन, पायाचा वर्तुळाबाहेरील स्पर्श अशा सूक्ष्म गोष्टींवरून गुण ठरतात. येथे निकाल दिसत नाही, तो ठरवावा लागतो. प्रेक्षक पहिल्या कल्पनेच्या संस्कारात वाढलेला आहे आणि स्पर्धा दुसऱ्या कल्पनेवर चालते. त्यामुळे पंचाचा अर्थनिर्णय त्याला सहजच हस्तक्षेप वाटतो.

तीन आरोप, तीन पुरावे

चाहत्यांच्या चर्चेत चूक, विसंगती आणि पक्षपात हे तीन वेगळे आरोप एकत्र मिसळलेले आढळतात. चूक सिद्ध करण्यासाठी एका लढतीचे चित्रीकरण पुरेसे ठरू शकते. विसंगती दाखविण्यासाठी सारख्याच डावाला दोन लढतींत दिलेल्या गुणांची तुलना आवश्यक असते. पक्षपाताचा आरोप मात्र अनेक निर्णयांचा कल एकाच दिशेने झुकल्याचे दाखविल्याशिवाय टिकत नाही. प्रत्यक्षात एका क्षणाच्या चित्रफितीवरून थेट तिसऱ्या आरोपापर्यंत उडी घेतली जाते. ही उडी अन्यायकारक आहे. परंतु तिचा सर्व दोष प्रेक्षकांवर टाकता येत नाही. निर्णयांच्या नोंदी व त्यांची कारणे अभ्यासासाठी उपलब्ध नसतील, तर संशय हेच तर्काचे एकमेव साधन उरते.

पुनर्विलोकनाची मर्यादा

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रशिक्षकाला गुणांच्या निर्णयास आव्हान देऊन चित्रीकरण तपासण्याची मागणी करता येते. आव्हान फसल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चीतपटीच्या निर्णयास मात्र असे आव्हान देता येत नाही. मॅट चेअरमनने रेफरी किंवा जज यांच्या संमतीने तो आधीच प्रमाणित केलेला असतो, अशी त्यामागची भूमिका आहे. म्हणून अहिल्यानगरच्या प्रसंगात ‘चित्रीकरण का दाखविले नाही’ यापेक्षा ‘ही संमती कशी आणि कोणत्या क्षणी घेतली गेली’ हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. तथापि या नियमातील विसंगतीही नोंदविली पाहिजे. एका गुणाचा निर्णय तपासता येतो, पण संपूर्ण लढत संपविणारा निर्णय तपासता येत नाही.

दाद मागण्याच्या व्यवस्थेचे मोल सातारा जिल्ह्याला नवे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. तेथे एका दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना लगेच पुढील लढतीस उभे राहावे लागले आणि त्यांची बाजू मांडण्यास भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. या कथनात कोणाच्या पक्षपाताचा आरोप नाही. तक्रार ऐकणारी व्यवस्थाच हाताशी नव्हती, ही खंत आहे.

समारोप

अमेरिकेतील एनबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल संघटना २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या अखेरच्या दोन मिनिटांतील पंच-निर्णयांचे परीक्षण प्रसिद्ध करते. त्यामुळे निकाल बदलत नाही आणि चाहत्यांचा रोषही संपत नाही. पण चूक कोठे झाली हे नोंदले जाते आणि वादाला पुराव्याचा आधार मिळतो. कुस्तीतही वादग्रस्त निर्णयांची कारणे लेखी स्वरूपात जाहीर करणे अशक्य नाही. पंचांवर हात उचलणे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. मात्र मल्लाला शिस्त लावणारी व्यवस्था स्वतःच्या निर्णयाचे स्पष्टीकरण देण्यास बांधील नसेल, तर ती शिस्त केवळ धाक ठरते.

महाविद्यालयीन स्पर्धांत शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक अनेकदा स्वतःच पंचाची भूमिका बजावतात. पराभूत विद्यार्थ्याला निर्णयाचे कारण दोन वाक्यांत सांगण्याची प्रथा तेथून सुरू होऊ शकते. हरलेल्या मल्लाला निकाल मान्य होईलच असे नाही. परंतु तो का लागला हे कळण्याचा त्याचा अधिकार मान्य करणे, हीच निःपक्षपाती पंचगिरीची पहिली अट होय.