दहा टक्क्यांच्या आतली नीती

पेट किंवा नेट काढून पीएचडीला प्रवेश घेतलात, की कोर्सवर्कमध्ये एक विषय तुमच्यासमोर येणारच : 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स'. सगळे त्याला आरपीई म्हणतात. यूजीसीने डिसेंबर २०१९ मध्ये तो सगळ्या पीएचडी विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. २ क्रेडिट, ३० तास, सहा घटक. २०२२ च्या पीएचडी नियमांतही तो कायम आहे. सीनियर तुम्हाला सांगतील, "टेन्शन घेऊ नको, नोट्स वाच, पास होशील." ते खरंच सांगतात. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आधी अभ्यासक्रमाची बाजू. कागदावर तो वाईट नाही. फॅब्रिकेशन, फॉल्सिफिकेशन, प्लेजिअरिझम हे तिन्ही त्यात आहेत. एकाच कामाचे तुकडे पाडून चार पेपर काढणं आहे, सोयीचे तेवढेच निकाल दाखवणं आहे, लेखक म्हणून नाव कोणाचं यावं हेही आहे. गटचर्चा घ्या, देशातल्या आणि बाहेरच्या गैरप्रकारांची उदाहरणं घ्या, असंही लिहिलंय. वर्गात मात्र बहुतेक वेळा व्याख्या लिहून घेतल्या जातात. आणि डेटाबेस व संशोधनाच्या मोजमापांना, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स, सायटस्कोअर वगैरेंना, ३० पैकी ७ तास दिलेत. नीतीच्या कोर्समध्ये! शिकवायला ते सोपं जातं, कारण प्रश्नाला उत्तर एकच असतं.

मग येतो खरा हिरो : सिमिलॅरिटी रिपोर्ट. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत थिसिस सुधारून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सबमिशन बंद, आणि ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजायचे नाहीत. सहज जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडून द्यायचे. नियम स्पष्ट आहेत आणि त्यांची गरज होतीच. कॉपी-पेस्ट थिसिसांचा जमाना आपल्या सीनियरांनी पाहिलाय. पण याचा परिणाम काय झाला, ते पाहा. कुठल्याही विभागात 'एथिक्सचं झालं का?' असं विचारलं तर उत्तर येतं, "हो, आठ टक्के आलं." जणू ताप मोजला.

आता एक प्रकरण घ्या. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर कित्येक वर्षं पेपर लिहिले. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये पुराव्यांसह मांडलं, की हे जीवाश्म हिमालयातले नाहीतच; काही न्यूयॉर्कचे, काही मोरोक्कोचे दिसतात. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत गुप्ता दोषी ठरले. हे पेपर आजच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले तरी दगड कुठून उचलला, हे ते सांगणार नाही. भाषा स्वतःची असेल तर रिपोर्ट स्वच्छच येणार. आणि सहलेखकांचं काय? त्यांतले अनेक जण आपापल्या क्षेत्रातले जाणकार होते. हातात दिलेला नमुना त्यांनी ओळखून दिला, जागेवर मात्र गेले नाहीत. वर्गात तासभर चर्चा व्हायला हवी ती यावर : दुसऱ्याने आणून दिलेल्या नमुन्यावर आपलं नाव घालताना काय तपासायचं?

मी रसायनशास्त्राची, म्हणून घरचं उदाहरण देते. एनएमआर काढल्यावर ४.१२, २.०५ आणि १.२६ ला पीक दिसले, तर ऑरगॅनिकवाल्या कोणालाही कळतं, की कॉलमचं इथाइल अ‍ॅसिटेट राहिलंय. सॅम्पल परत पंपावर लावायचं आणि स्पेक्ट्रम पुन्हा काढायचा, किंवा पीक तसेच ठेवून 'सॉल्व्हंट' असं लिहायचं. तिसरा मार्ग म्हणजे स्क्रीनवर ते पीक पुसून टाकायचे. २०१३ मध्ये 'ऑरगॅनिक लेटर्स'च्या संपादकांना यावर संपादकीय लिहावं लागलं, कारण तपासणीत असे पुसलेले स्पेक्ट्रम सापडत होते. रेणू बहुधा बरोबरच असतो, म्हणूनच पुसणाऱ्याला आपण खोटं बोललो असं वाटतही नाही. आरपीईच्या कुठल्या व्याख्येत हे बसतं, ते पाठ असलेला विद्यार्थीही रात्री अकरा वाजता लॅबमध्ये ते ओळखेलच असं नाही.

त्याच वर्षी 'ऑर्गॅनोमेटॅलिक्स' या जर्नलमध्ये एका पेपरच्या पुरवणी माहितीत चुकून एक चिठ्ठी छापली गेली. वरिष्ठाने विद्यार्थिनीसाठी लिहिलेली : या संयुगाचं एलिमेंटल अ‍ॅनालिसिस आपलं रचून टाक, अशा अर्थाची. तेवढ्यावरून आकडे खरोखर रचले गेले असं म्हणता येत नाही, आणि मी म्हणत नाही. पण ज्यांच्या हाताखाली काम करतो त्यांच्याकडून अशी ओळ आली तर काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्या अभ्यासक्रमात सगळ्यात मोठा वाटतो, आणि तोच त्यात नाही. कार्बन ०.४ टक्क्यांच्या आत बसत नाहीये, पेपर पाठवायची तारीख उद्याची आहे, फेलोशिपच्या रिपोर्टवर सही सरांचीच हवी आहे. अशा वेळी 'फॅब्रिकेशन म्हणजे काय' हे माहीत असून उपयोग काय? तोंडातून वाक्य निघायला हवं. "सर, सॅम्पल अजून सुकलेलं नसेल. परत पाठवते, रिपोर्ट यायला दोन आठवडे लागतील, तोवर हे संयुग टेबलमधून काढू का?" एवढं. त्यात ना आरोप आहे, ना क्रांती. पण हे आधी कधी मोठ्याने म्हणून पाहिलेलं नसेल, तर आयत्या वेळी सुचत नाही.

यूजीसीचा कोर्स सक्तीचा आहे तो विद्यार्थ्यांना. गाइड त्या वर्गात नसतात. म्हणजे ज्याच्या हातात सगळ्यात कमी अधिकार, त्यालाच जबाबदारीचे धडे. कोर्सचे दोन तास तरी गाइड आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून, स्वतःच्याच लॅबमधल्या एका प्रकाशित आकृतीचा मूळ डेटा काढून बघावेत, असं मला वाटतं. मिळाला तर छान. नाही मिळाला तर ३० तासांचा खरा विषय तिथेच सापडला. काही मार्गदर्शक हे दर आठवड्याच्या ग्रुप मीटिंगमध्ये करतात. त्यांच्या विद्यार्थ्यांना आरपीईत वेगळं काही शिकावं लागत नाही.

"तक्रारीसाठी समिती आहे ना?" असं कोणी विचारेल. २०१८ च्या नियमांनी विभाग आणि संस्था अशा दोन पातळ्यांवर समित्या आणल्या खऱ्या, पण त्या नियमांतली शिक्षेची उतरंड बेतलीय ती प्लेजिअरिझमच्या टक्क्यांवर. रचलेल्या आकड्यांना टक्के नसतात. आणि स्वतःच्याच गाइडची तक्रार घेऊन विभागातल्या समितीकडे जाणं किती जड जातं, ते तिथे काम केल्यावर कळतं.

तुम्ही अजून गाइड शोधत असाल तर पहिल्या भेटीत विषयाबरोबर हेही सहज विचारा : लॅबच्या वह्या कुठे असतात, कोणी सोडून गेलं की त्याच्या फाइल्स कोणाकडे राहतात, पेपरवर नावं कधी ठरतात. उत्तर देताना कपाट दाखवलं तर उत्तम. आणि रुजू झालात की उपकरणाच्या कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइल्स किती दिवस ठेवतात, ते ऑपरेटरला विचारून घ्या. जागा भरली की जुन्या फाइल्स पुसतात, म्हणून कॉपी त्याच दिवशी घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि फाइलचं नाव वहीत तारखेसकट लिहा.