भयपट

प्रेक्षकाच्या मनात भीती निर्माण करणे व ती क्रमाक्रमाने वाढवीत नेणे, हे ज्याचे प्रधान प्रयोजन असते, अशा चित्रपटास भयपट म्हणतात. भूतपिशाच, शाप, मृतात्म्याचा सूड, मनोविकृती, अज्ञात प्राणी इ. त्याचे नेहमीचे विषय होत. तथापि विषय भीतिदायक असला, म्हणजे चित्रपट भयपट ठरतोच असे नाही. पडद्यावरील अशक्य गोष्ट प्रेक्षक कोणत्या मनःस्थितीत पाहतो, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. तीच चित्रणयुक्ती एका चित्रपटात थरकाप उडविते, दुसऱ्यात भक्तिभाव जागविते, तर तिसऱ्यात हसविते. म्हणून भयपटाचा आस्वाद घेताना युक्ती कशी साधली आणि ती कोणत्या भावाच्या सेवेस लावली, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतात. मराठी परंपरेत या प्रश्नांचा आरंभ नासिक येथील मूकपटांपासून होतो.

रसविचार : नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक असून भय हा त्याचा स्थायी भाव होय. बीभत्सापासून भयानकाची आणि वीरापासून अद्भुताची उत्पत्ती होते, असे भरताने सांगितले आहे. चित्रपटाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. मस्तक धडावेगळे होऊन हवेत तरंगणे, ही घटना देवाच्या पराक्रमाचा भाग म्हणून दाखविली, तर तिचे पर्यवसान अद्भुतात होते. प्रेक्षकाला आपल्या स्वतःच्या देहाची आठवण होईल अशा रीतीने दाखविली, तर ती भयानकाकडे वळते. कॅमेऱ्याला हा फरक कळत नाही. तो दिग्दर्शकाला घडवावा लागतो.

नासिकचे युक्तिपट : दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा जन्म नासिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण यांबरोबरच त्यांनी जादूचे प्रयोगही आत्मसात केले होते आणि ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने ते प्रयोग सादर करीत. राजा हरिश्चंद्र (१९१३) हा चित्रपट मुंबईत काढल्यावर त्यांनी आपले कार्य नासिकला हलविले. लंकादहन (१९१७) आणि हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीच्या स्थापनेनंतरचे श्रीकृष्णजन्म (१९१८) व कालियामर्दन (१९१९) हे चित्रपट नासिकच्याच काळातील होत. त्यांना भयपट म्हणता येणार नाही. परंतु भयपटास लागणारी जवळजवळ सर्व साधने त्यांत वापरलेली दिसतात.

ही साधने कॅमेऱ्यातच सिद्ध करावी लागत. चित्रण मध्येच थांबवून पात्र बदलावयाचे व पुन्हा सुरू करावयाचे, की पात्र अकस्मात प्रकट वा अदृश्य झाल्यासारखे दिसे. भिंगापुढे आडोसा धरून चित्रचौकटीचा काही भाग कोरा ठेवावयाचा, फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या भागावर दुसरे दृश्य घ्यावयाचे, ही द्विमुद्रणाची रीत होती. कॅमेरा हाताने फिरवीत. दर सेकंदास सुमारे सोळा चौकटी पडाव्यात, म्हणून मूठ एका लयीत फिरवावी लागे व फेऱ्यांची मोजदाद ठेवावी लागे. मोजणी चुकली, की दोन प्रतिमांचा मेळ बिघडे आणि पहिले चित्रणही वाया जाई. रासायनिक प्रक्रिया होऊन फिल्म हाती येईपर्यंत युक्ती साधली की नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता. चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशात चाले. अंधार हे भयपटाचे सर्वांत सोपे साधन. ते या चित्रपटांना जवळजवळ उपलब्धच नव्हते.

कंसाचे दृश्य : श्रीकृष्णजन्माच्या उपलब्ध अंशात कंसाला होणाऱ्या भासाचे दृश्य आहे. भयग्रस्त कंसाभोवती कृष्णाच्या अनेक प्रतिमा प्रकटतात. त्याचे मस्तक धडापासून सुटून वर जाते व पुन्हा जागेवर येते. हा कंसाच्या मनाचा खेळ आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. मनातील भीतीला पडद्यावर आकार देण्याचा हा भारतीय चित्रपटातील एक अगदी आरंभीचा प्रयत्न होय. मात्र भय येथे फक्त कंसाचे आहे. प्रेक्षक कृष्णाच्या बाजूचा असल्यामुळे खलपुरुषाचा थरकाप पाहून तो आनंदित होतो. मनाची पीडा दाखविण्याचे साधन हाती आले. पण त्या पीडेत प्रेक्षकाला ओढून घेण्याचा हेतू नव्हता. कालियामर्दनातील पाण्याखालचा संग्रामही असाच आहे. त्या चित्रपटाच्या प्रारंभी फाळके यांची कन्या मंदाकिनी हिच्या मुद्राभिनयाची झलक दाखविली असून नंतर तीच कृष्ण म्हणून अवतरते. सोंग आधी उघड करूनही चमत्कारावरील श्रद्धा उणावत नाही, हा आत्मविश्वास यात दिसतो. भयपटाला मात्र अशी उघडीक सहसा परवडत नाही.

याच सुमारास जर्मनीत निराळी दिशा घेतली गेली. द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी (१९२०) या चित्रपटात वाकड्यातिकड्या भिंती व रंगविलेल्या छाया यांतून सबंध जगच भ्रमिष्टाच्या दृष्टीने उभे केले आहे. म्हणजे प्रेक्षकाला कंसाच्या जागी बसविले आहे. मुर्नाऊ यांच्या नॉस्फेरातू (१९२२) या चित्रपटात प्रत्यक्ष घरे, डोंगर व समुद्र यांमध्ये पिशाच वावरते आणि ओळखीचे जगच परके वाटू लागते.

मराठीतील पुढील वाटचाल : मराठी चित्रपटाने दीर्घकाळ भीतीला स्वतंत्र मुक्काम दिला नाही, ती अन्य भावात विसर्जित केली. वसंत जोगळेकर दिग्दर्शित हा खेळ सावल्यांचा (१९७६) या चित्रपटात भासांची उकल मानसशास्त्राच्या अंगाने केली आहे. महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) या चित्रपटात खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. कल्पना चाइल्ड्‌स प्ले (१९८८) या अमेरिकन चित्रपटाशी मिळतीजुळती असली, तरी रामदास पाध्ये यांच्या शब्दभ्रम व बाहुलीकलेमुळे तात्या विंचू मराठी मातीतला झाला. हा बाहुला भिववितो व हसवितोही. भीती हास्यात मिसळण्याची ही रीत लोककथेतील वेताळ-मुंजाच्या जवळची आहे. साहित्यात नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनी गूढकथेची समृद्ध परंपरा निर्माण केली असताना पडद्यावर मात्र भय असे दुय्यम राहिले, ही मराठी चित्रपटातील उणीव होय.

अलीकडच्या दोन चित्रपटांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. विशाल फुरिया यांच्या लपाछपी (२०१७) या चित्रपटात उसाच्या फडाने वेढलेल्या घरात एक गरोदर स्त्री सापडते आणि स्त्रीभ्रूणहत्येचे सामाजिक पाप भुताच्या रूपाने समोर येते. उसाचे उंच फड दिवसाउजेडीही माणसाला दिसेनासे करतात. अंधाराचा आधार न घेता साधलेले हे भय विशेष उल्लेखनीय आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाड (२०१८) हा चित्रपट हिंदी असला, तरी त्याचे वातावरण मराठी आहे आणि धारप यांच्या कथेचे ऋण त्यावर आहे. सततचा पाऊस, वाड्यातील ओल, कंदिलाचा अपुरा उजेड यांतून आधी जग विश्वसनीय केले जाते. हस्तर हा शापित देव त्यानंतर दिसतो. येथील दैवी शक्ती भक्ताला तारणारी नाही. मनुष्याचा लोभच तिला पुनःपुन्हा जागवितो. कृष्णाच्या बाजूने बसण्याची सोय या चित्रपटाने काढून घेतली आहे.

पंथप्रिय चित्रपट : प्रथम प्रदर्शनात बेताचे यश मिळालेला, पण काही प्रेक्षकांनी पुनःपुन्हा पाहून, त्यातील बारकाव्यांची चर्चा करून जिवंत ठेवलेला चित्रपट ‘कल्ट’ म्हणजे पंथप्रिय होय. तुंबाड हे त्याचे ठळक उदाहरण असून २०२४ मधील पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. अशा प्रेक्षकाचे कुतूहल निर्मितीच्या रीतीकडे वळते, हे स्वाभाविकच आहे. युक्ती कळल्याने रसभंग होतो, ही समजूत मात्र तितकीशी खरी नाही. चित्रपट कसे तयार करतात, हे दाखविणारा लघुपट स्वतः फाळके यांनीच काढला होता. युक्ती समजूनही ज्या दृश्याचा परिणाम उरतो, तेच दृश्य कलादृष्ट्या टिकाऊ होय.

जतन : हा आस्वाद मूळ प्रतींवर अवलंबून आहे. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व नाशवंत असते. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष सुरक्षित प्रतींच्या रूपात जपले. कालियामर्दन त्यांत बऱ्याच अंशी उपलब्ध आहे, तर लंकादहन व श्रीकृष्णजन्म यांचे काही तुकडेच उरले आहेत. न्यायालयाने नष्ट करण्याचा आदेश देऊनही नॉस्फेरातू वाचला, तो इतरत्र राहिलेल्या प्रतींमुळे. कंसाचे दृश्य आज आगेमागे फारसा संदर्भ नसताना पाहावे लागते. त्याआधीच्या कोणत्या क्षणांनी प्रेक्षकाची तयारी केली, हे सांगणारी फिल्म हरवली आहे. भयपटात दचकविणाऱ्या क्षणाइतकाच त्याआधीचा क्षणही मोलाचा असल्याने ही हानी केवळ इतिहासाची नसून रसास्वादाचीही आहे.