निकाल कळला, अर्थ राहिला

आमच्या घरांतून आज सर्वांत एकाग्रतेने वाचले जाणारे लिखाण कोणते, असा प्रश्न कोणी केला, तर कादंबरी, वृत्तपत्र किंवा पोथी यांपैकी एकाचेही नाव आम्हांस घेता येणार नाही. ते लिखाण म्हणजे रक्ता-लघवीच्या तपासणीचा अहवाल होय. तो चष्मा पुसून वाचला जातो, पुनःपुन्हा वाचला जातो, शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घेतला जातो. आणि इतके करूनही तो कळत नाही. या पृष्ठांतून नाटकांची व ग्रंथांची परीक्षा नेहमीच होते. ज्या लिखाणावर माणसाची झोप, आणि कित्येकदा त्याचे आयुष्यही, अवलंबून असते त्याची परीक्षा मात्र कोणी करीत नाही. आज त्या अहवालाची, आणि तो हाती देताना डॉक्टर जे बोलतात वा बोलत नाहीत त्याची परीक्षा करावी, असे आम्ही योजले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. रोजच्या बोलण्यात 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले आणि 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट. दवाखान्याच्या दारात पाऊल टाकताच हा अर्थ नेमका उलटा होतो. २०२० च्या साथीने एवढा एक धडा आपल्याला शिकविला. परंतु असे शब्द पुष्कळ उरले आहेत. छातीच्या चित्राखाली हृदयास इंग्रजीत 'अनरिमार्केबल' म्हटलेले असते. नोंद करण्याजोगा काही दोष दिसला नाही, एवढाच त्याचा आशय. पण शब्दकोश उघडून बसलेल्या गृहस्थास आपल्या हृदयात काहीतरी उणे आहे असेच वाटते. अहवालाच्या तळाशी पुष्कळदा 'क्लिनिकल कोरिलेशन' करावे अशी सूचना असते. या दोन शब्दांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. रोग्यास प्रत्यक्ष तपासून, त्याच्या प्रकृतीशी हा निकाल ताडून पाहावा, मगच त्याचा अर्थ लावावा, असे प्रयोगशाळा येथे डॉक्टरांस सांगत असते. म्हणजे आपला मजकूर अपुरा आहे, ही कबुली अहवाल स्वतःच देतो. अर्थ सांगणे हे काम डॉक्टरांवर सोपविलेले असते. आणि तेच काम पुष्कळदा होत नाही.

आमची एक मावशी बेळगावास असते. निवृत्त शिक्षिका, चार माणसांना सल्ला देणारी बाई. दोन वर्षांपूर्वी स्तनात गाठ लागली म्हणून तिने चित्र काढविले. डॉक्टरांनी कागदावर नजर टाकून म्हटले, "बाय-रॅड्स थ्री आहे. सहा महिन्यांनी या." आणि घंटा वाजवून पुढच्या रोग्यास बोलाविले. मावशीने 'तीन' ऐकले ते तिसऱ्या अवस्थेचे. आणि 'सहा महिने' ऐकले ते उरलेल्या आयुष्याचे. अकरा दिवस तिने कोणास काही सांगितले नाही. पाटल्या दोघी सुनांत वाटल्या, बँकेचे कागद लावून ठेवले. बाराव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुला बोलावणारच होते." वास्तविक बाय-रॅड्स ही शून्यापासून सहापर्यंतची श्रेणी आहे, रोगाच्या अवस्थांशी तिचा काही संबंध नाही. त्यातील तीन म्हणजे गाठ बहुधा निरुपद्रवी. कर्करोगाचा संभव शंभरात दोनांहून अधिक नाही. म्हणून घाई न करता सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. डॉक्टरांचे निदान बिनचूक होते, सल्लाही बिनचूक होता. केवळ एक वाक्य राहिले, आणि त्या वाक्याअभावी एका बाईने अकरा दिवस मरणाची तयारी केली.

शब्दांहून आकडे अधिक फसवे. अहवालात आकड्याशेजारी एक मर्यादा छापलेली असते, आणि तिच्याबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत असतो. तो ठळक आकडा पाहून मनुष्य घाबरतो. परंतु अशा बहुतेक मर्यादा ठरविताना निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के लोक आत धरलेले असतात. म्हणजे अगदी धडधाकट अशा २० माणसांतील एकाचा आकडा बाहेर पडावयाचाच. परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक आकडा ठळक होण्याचा संभव १०० पैकी ६४ इतका निघतो. 'संपूर्ण शरीर तपासणी' सवलतीत विकली जाण्याच्या या दिवसांत हे साधे गणित कोणी सांगत नाही.

याची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. सासष्टीतील आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ मधुमेही होते. वयाच्या पासष्टीत त्यांचे क्रिएटिनिन १.६ भरले. ते आम्हांस म्हणाले, "दोतोरान म्हळें, मातशें वाडलां, भिवपाची गरज ना." आकडा दिसावयास लहान, शब्दही धीराचे, म्हणून गुडघेदुखीसाठी बोटिकांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ते घेत राहिले. त्या वयाच्या पुरुषाच्या बाबतीत १.६ चा अर्थ मूत्रपिंडांचे काम जवळजवळ निम्म्यावर आले आहे असा होतो, आणि तशा मूत्रपिंडांना त्या गोळ्या घातक ठरतात, हे त्यांस तेव्हा कोणी सांगितले नाही. तीन वर्षांनी डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांस ते कळले. गोळ्या बंद केल्या असत्या तर मूत्रपिंडे वाचलीच असती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती वाचविण्याची संधी त्यांस मिळाली नाही, एवढे खास. मावशीस खोटे भय मिळाले, यांस खोटा धीर. कारण दोन्हींकडे एकच: निकाल सांगितला गेला, अर्थ सांगितला गेला नाही.

यावर कोणी म्हणेल, दोष इंग्रजीचा आहे. सारे मराठीत वा कोंकणीत करा म्हणजे झाले. आम्हांस हे पटत नाही. गोव्यात पाश्चात्य वैद्यक शिकविणारी शाळा १८४२ पासून होती, आणि ती पोर्तुगीजांतून शिकवीत असे. तरीही कोंकणी माणसाने 'दोतोर' आणि 'बोटिक' आपलेसे करून टाकले, आणि ताप आला की तो आजही 'जोर आयला' असेच सांगतो. परका शब्द पचविण्याची शक्ती आपल्या लोकांत भरपूर आहे. 'शुगर', 'बीपी' हे शब्द आज खेड्यातील आजीबाईही वापरतात. उलट, क्रिएटिनिनला एखादा संस्कृत प्रतिशब्द घडवून दिला, तर तो सासष्टीतील त्या गृहस्थास अधिक कळला असता काय? त्यांस हवे होते ते एक वाक्य: "तुमची मूत्रपिंडे निम्मेच काम करताहेत, ती राखावयाची तर विचारल्यावाचून एकही गोळी घेऊ नका." यात कठीण शब्द एकही नाही. अर्थात भाषेचा प्रश्न मुळीच नाही असेही नव्हे. बेळगावात डॉक्टर कन्नड बोलणारे आणि रोगी मराठी, बडोद्यात वा हैदराबादेत याहून निराळी जोडी, असे पुष्कळदा घडते. तेव्हा दोन्ही भाषा जाणणाऱ्या परिचारिकेस मध्ये उभी करणे हे उपचाराचेच अंग मानले पाहिजे.

नियम या बाबतीत मुके नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टराने दुखण्याचे गांभीर्य फुगवूही नये आणि कमीही दाखवू नये. रोगी वा त्याचे आप्त यांस त्यांच्या हिताला पुरेल इतके ज्ञान झाले आहे याची खात्री करून घ्यावी. 'सांगावे' आणि 'खात्री करून घ्यावी' यांतील अंतर वाचकांनी ध्यानात घ्यावे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला की, पुरेशी माहिती मिळाल्यावाचून रोग्याने दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. तो प्रश्न शस्त्रक्रियेपुरता होता. परंतु ज्यास निकालाचाच अर्थ कळला नाही, तो पुढच्या उपचारास कसली संमती देणार?

डॉक्टरांची बाजू आम्ही विसरलेलो नाही. सरकारी रुग्णालयातील बाह्य विभागात एका सकाळी किती माणसे दाटतात ते आम्ही पाहिले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत असे दिसले की, जगाची निम्मी लोकसंख्या सामावणाऱ्या १८ देशांत डॉक्टर एका रोग्यास सरासरी पाच मिनिटे वा त्याहूनही कमी वेळ देतात. ही तक्रार खरी आहे, आणि तिचा जाब शासनास विचारला पाहिजे. परंतु मावशीचे डॉक्टर खाजगी होते, फी पूर्ण घेतलेली होती, आणि राहिलेले वाक्य उच्चारण्यास दहा सेकंदही लागले नसते. येथे उणीव सवयीची आहे. परीक्षकासमोर इंग्रजी संज्ञा अचूक म्हणून दाखविण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्यास आजीबाईसमोर तीच गोष्ट साध्या शब्दांत मांडणे हे कोणी शिकविलेच नव्हते. २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वर्तन, नीती व संवाद यांचा स्वतंत्र भाग घातला गेला, हे स्वागतार्ह आहे. तो केवळ हजेरीपुरता उरू नये.

आमची मागणी लहान आहे. निकाल देताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगाव्यात: काय आढळले, त्यामुळे या माणसाच्या बाबतीत काय होऊ शकते, आणि आता काय करावयाचे. मग रोग्यास विचारावे, "घरी जाऊन तुम्ही काय सांगाल?" त्याचे उत्तर चुकले तर पुन्हा सांगावे. आणि रोग्यांनीही संकोच सोडावा. दुकानात लुगड्याचा पोत चार वेळा विचारणारी आपली माणसे स्वतःच्या मूत्रपिंडाबद्दल एकदाही विचारीत नाहीत. मावशीने त्या दिवशी दारातून मागे फिरून "तीन म्हणजे काय हो?" एवढेच विचारले असते, तर तिला उत्तर मिळाले असते असे आम्हांस वाटते. पण ते विचारण्याची पाळी तिच्यावर यावयास नको होती.