खड्याच्या पोटातला उजेड

ऐरोलीच्या बाजारात सराफाच्या काउंटरवरच्या प्रखर दिव्यांखाली सामान्य हिराही चमचमतो. घाट पारखायचा तर खडा दुकानाच्या दाराशी न्यावा आणि मळभाच्या साध्या उजेडात धरावा. रंग आणि नितळपणा जमिनीतून आलेले. घाट मात्र पूर्णपणे कारागिराच्या हातचा. उत्तम घाटाचा खडा त्या फिक्या उजेडातही काठापर्यंत जागा असतो, आणि पहिली दाद तिथेच जाते.

गोल ब्रिलियंट घाट खालून वाचावा. खड्याची सर्वांत रुंद कडा म्हणजे कंबर. तिच्याखालचा निमुळता भाग, म्हणजे पॅव्हेलियन, आरशाचे काम करतो, तेही मागे कसलाही मुलामा नसताना. आत शिरलेला किरण पैलूच्या लंबाशी 24.4 अंशांहून अधिक कोन करून आदळला की बाहेर निसटत नाही, आतच परततो. अभियंते मार्सेल टोल्कोवस्की यांनी 1919 साली गणित मांडून या पैलूंचा कमरेशी असलेला कल 40.75 अंश ठरवला. किरण एका बाजूवरून समोरच्या बाजूवर जातो आणि तिथून सरळ वर येतो. खडा फार उथळ कापला, तर माथ्यावरच्या सपाट पैलूतून, म्हणजे टेबलातून, कमरेचे पांढुरके कडे दिसते. फार खोल कापला, तर मधोमध काळोख साचतो. इतक्या अरुंद वाटेने उजेड डोळ्यापर्यंत परत आणणारा हात खरोखर असामान्य.

वरचा भाग क्राऊन. परतीच्या किरणातले रंग सुटे होतात ते याच्या तिरक्या पैलूंतून बाहेर पडताना. टोल्कोवस्कींनी इथला कल 34.5 अंश धरला आणि टेबल खड्याच्या रुंदीच्या 53 टक्के. टेबल ऐसपैस केले की तिरक्या पैलूंना जागा उरत नाही आणि निळ्या-केशरी ठिणग्या विरळ होतात. शुभ्र झळाळी आणि रंग यांचा हा तोल किती नाजूक हाताने साधला आहे!

आता खडा हलकेच फिरवा. वर 33 आणि खाली 24 असे 57 पैलू पाळीपाळीने उजळतात, मावळतात. मधल्या गडद बाणांना दोष समजू नये. तिथे पाहणाऱ्याच्याच डोक्याची सावली परावर्तित झालेली असते. त्या काळेपणाशेजारी शुभ्र पैलू अधिक उठून दिसतो. कसबी कारागीर अंधारही मोजून मांडतो, हे पाहून मन तृप्त होते.

या कलेचे सर्वांत धीट उदाहरण आपल्या त्र्यंबकेश्वराचे. तिथला ‘नासक’ हिरा भारतीय घाटात सुमारे 90 कॅरटांचा होता. तो घाट वजन राखणारा. पेशवाईच्या अखेरीस हा हिरा इंग्रजांकडे गेला, लंडनच्या रंडेल अँड ब्रिजने त्याला नवे पैलू पाडले आणि वजन 78 कॅरटांच्या आसपास आले. पुढे 1940 मध्ये जवाहिरे हॅरी विनस्टन यांनी तो घेतला आणि एमराल्ड घाटात 43.38 कॅरटांवर आणला. पायरीपायरीने उतरणारे लांब, मोजके पैलू. ठिणग्यांच्या जागी रुंद, संथ झळाळी. हा घाट आतला बारीक डागही झाकत नाही, म्हणून तो नितळ खड्यालाच शोभतो. कॅरटावर भाव ठरणाऱ्या धंद्यात मूळच्या अर्ध्याहून अधिक वजन गेलेले असूनही या खड्यात काही उणे वाटत नाही. त्याचा नितळपणा ओळखून हा घाट निवडणाऱ्या नजरेला मनापासून दाद द्यावी.